हौशी कोरीवकामासाठी पहिले सीएनसी यंत्र: एका निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थांची ओळख पटू नये म्हणून त्यांना येथे केवळ ‘काका’ म्हटले आहे. प्रत्यक्षातही मी त्यांना तशीच हाक मारतो. वय साठीच्या आसपास, नोकरीतून निवृत्त, आणि गेली पंधरा-सोळा वर्षे घरातल्या एका लहान खोलीत हाताने लाकूडकाम करणारे. रंधा, करवत आणि पटाशी यांवर त्यांचा हात चांगला बसलेला आहे. नावाच्या पाट्या, ट्रे, पेट्यांची झाकणे आणि अधूनमधून पानाफुलांचे उठावाचे कोरीवकाम असा त्यांच्या कामाचा पसारा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उजवे मनगट दुखू लागले आणि सलग अर्धा तास पटाशी चालवणेही अवघड झाले. छंद सोडायचा नव्हता, म्हणून संगणकावर चालणारे कोरीवकामाचे यंत्र, म्हणजे सीएनसी यंत्र, घ्यावे असा विचार पुढे आला.

मी अशा यंत्रांवर बरीच वर्षे काम केलेले असल्याने त्यांनी मला निवडीसाठी बोलावले. पहिल्या चर्चेपासून यंत्र रुळेपर्यंत पाच महिने गेले, आणि त्यानंतरचे वर्षभर मी त्यांचे काम जवळून पाहत आलो. आमचे काही निर्णय बरोबर ठरले, दोन निर्णय चुकले, आणि चुकलेल्या दोन्ही निर्णयांचा यंत्राच्या आकाराशी काही संबंध नव्हता. नवशिक्या खरेदीदाराची बहुतेक शक्ती मात्र आकाराच्या प्रश्नावरच खर्च होते, म्हणून हे सगळे सविस्तर मांडावेसे वाटले.

प्रश्न नेमका काय होता

काकांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता: “तीन हजार अठरा घेऊ की सहा हजार चाळीस?” या क्षेत्रात हे आकडे नावासारखे वापरले जातात. ३०१८ म्हणजे सुमारे ३०० × १८० मिमी कामाचे क्षेत्र असलेले छोटे टेबलावरचे यंत्र, आणि ६०४० म्हणजे सुमारे ६०० × ४०० मिमी. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात असे गृहीत धरलेले असते की दोन्ही यंत्रे एकाच जातीची आहेत आणि फरक केवळ लांबी-रुंदीचा आहे. प्रत्यक्षात चौकटीची बांधणी, अक्ष सरकवणारे स्क्रू, मोटर आणि कटर फिरवणारे स्पिंडल या चारही बाबतींत ती वेगळी असतात.

म्हणून आम्ही प्रश्न बदलला. पुढच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय काय बनवायचे आहे, याची यादी मी काकांना लिहायला सांगितली आणि प्रत्येक वस्तूपुढे लांबी, रुंदी, जाडी, लाकूड आणि कोरीवकामाची खोली असे पाच रकाने आखून दिले. त्यांनी आठवडाभर विचार करून वीस वस्तू लिहिल्या. त्यांपैकी चौदा वस्तू ३०० × ३०० मिमीच्या आत होत्या. दोन ट्रे ४५० मिमी लांब होते. तीन पाट्या ९०० मिमी लांब होत्या. उरलेली एक खोल परडी होती, ६० मिमी जाड ठोकळ्यातून काढायची.

या कागदाने बरेच काही उलगडले. चौदा वस्तू लहान असल्या तरी रुंदीला ३०० मिमीपर्यंत जात होत्या, त्यामुळे १८० मिमीच्या अक्षावर त्या बसणार नव्हत्या. लांब पाट्यांसाठी मीटरभर यंत्र घेण्याची गरज नव्हती, कारण यंत्राची पुढची-मागची बाजू मोकळी असेल तर फळी सरकवून दोन टप्प्यांत कोरता येते. खरी अडचण परडीची होती, आणि तिच्याकडे तोवर आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

उंचीचा हिशेब असा आहे. ठोकळा ६० मिमी जाड आहे आणि त्यात खोलवर उतरण्यासाठी कटर कोलेटच्या (कटरचा दांडा घट्ट धरणाऱ्या पकडीच्या) बाहेर ३५ मिमी निघालेला आहे, असे धरू. कटरचे टोक ठोकळ्याच्या वरून मोकळेपणाने फिरायचे असेल, तर स्पिंडलचे नाक बेडपासून, म्हणजे काम ठेवण्याच्या खालच्या पाटापासून, किमान ९५ मिमी वर जाता आले पाहिजे. बेडवर १८ मिमीचा एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेला) फळा अंथरला की तेवढी उंची आणखी कमी होते. छोट्या यंत्रांत झेड अक्षाची, म्हणजे वर-खालची, हालचाल बहुधा ४५ मिमीच्या आसपास असते. जाहिरातीत लांबी-रुंदी ठळक अक्षरांत असते आणि ही उंची शेवटच्या ओळीत, म्हणून ती आधी वाचावी.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय छोटे ३०१८ यंत्र घेऊन त्यावर शिकण्याचा होता. त्याची बाजू मी मनापासून मांडली, कारण हे यंत्र लहान जागेत बसते आणि जी-कोड (यंत्राला हालचाली सांगणारी भाषा), शून्यबिंदू (जिथून मापे मोजायची ती जागा), कटरची निवड या गोष्टी त्यावर कमी धोक्यात शिकता येतात. त्यावरचा कंट्रोलर बहुधा जीआरबीएल या मुक्त प्रणालीवर चालतो, आणि तीच प्रणाली पुढे मोठ्या हौशी यंत्रांवरही भेटते. म्हणजे शिकलेले वाया जात नाही. मर्यादा शक्तीची आणि ताठपणाची आहे. त्यातली २४ व्होल्टची छोटी मोटर मोकळी फिरताना मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, पण सागवानात दीड-दोन मिमी खोल गेल्यावर तिचा आवाज उतरतो. काकांना तो आवाज मी एका मित्राच्या यंत्रावर ऐकवला. “दमली हो ही,” एवढेच ते म्हणाले.

याच यंत्राला लांब दांडे लावून क्षेत्र वाढवण्याचे संच मिळतात, आणि काकांना तो मार्ग आकर्षक वाटत होता. मी त्याला ठाम विरोध केला. दोन्ही टोकांना धरलेला आणि मध्ये आधार नसलेला गोल दांडा भाराखाली वाकतो, तेव्हा ते वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दांडा दुप्पट लांब केला की तेवढ्याच जोराला तो आठपट वाकतो. उलट बाजूने पाहिले तर व्यास दुप्पट केला की ताठपणा सोळापट होतो. म्हणजे चौकट जाड न करता केवळ लांब केलेले यंत्र कागदावर मोठे दिसते, पण कामात आधीपेक्षा कमकुवत होते. कटरलाही हाच नियम लागू आहे: ३ मिमीचा कटर ६ मिमीच्या कटरपेक्षा सोळापट सहज वाकतो, आणि कोणताही कटर गरजेपेक्षा दुप्पट बाहेर काढला की आठपट.

दुसरा पर्याय पट्ट्यांवर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या यंत्रांचा. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर चाके आणि दातेरी पट्टे अशी रचना २०११ नंतर शापोको आणि त्यासारख्या यंत्रांमुळे हौशी लोकांत रुजली. ही यंत्रे वेगवान असतात, हलकी असतात आणि दुरुस्तीला सोपी असतात. पट्टा मात्र थोडा ताणला जातो, त्याचा ताण वेळोवेळी तपासावा लागतो, आणि कठीण लाकडात खोल काप घेताना तो नमतो. पाइन, एमडीएफ आणि प्लायवुडच्या कामासाठी मी हा पर्याय आजही सुचवीन. काकांच्या यादीत मात्र सागवान आणि शिसव अकरा वस्तूंपुढे लिहिलेले होते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे कटरची धार लवकर जाते, आणि बोथट कटर चौकटीला अधिकच रेटतो.

तिसरा पर्याय बॉल स्क्रू (नटमध्ये फिरत्या गोळ्या असलेला स्क्रू) आणि आधार दिलेल्या रेल असलेल्या ६०० × ४०० मिमीच्या यंत्राचा होता. साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूमध्ये नट झिजला की दिशा बदलताना थोडी मोकळीक राहते, आणि तिचा परिणाम वर्तुळात लगेच दिसतो: ज्या चार बिंदूंवर एखादा अक्ष मागे फिरतो तिथे गोलाई किंचित चपटी होते. देवनागरी अक्षरे कोरणाऱ्याला हे टाळता येत नाही. ‘ठ’चा गोल, ‘ळ’ची दोन्ही पोटे आणि उकाराचे वळण या जागा डोळा आधी पकडतो. बॉल स्क्रूमध्ये ही मोकळीक बरीच कमी असते.

स्वतः यंत्र बांधण्याचा चौथा पर्याय आम्ही एका संध्याकाळी बाजूला ठेवला. काकांना कोरीवकाम करायचे होते, यंत्रबांधणी नव्हे. ज्यांना बांधणीतच रस आहे त्यांच्यासाठी तो मार्ग वेगळा आणि आनंदाचा आहे.

निर्णय कसा झाला

यादी पाहता तिसरा पर्याय पुढे होता, पण काकांच्या मनात एक शंका होती आणि ती योग्य होती. नवशिक्याने थेट मोठे यंत्र घ्यावे का? पहिल्या महिन्यात हातून चुका होणारच, आणि मोठ्या यंत्रावर त्या महाग पडतात. या मुद्द्यावर आम्ही दोन आठवडे थांबलो. शेवटी निर्णय वेळेच्या हिशेबाने झाला.

काकांना उठावाचे जे कोरीवकाम करायचे होते त्यातला एक नमुना २०० × २०० मिमीचा होता. ३ मिमी व्यासाच्या गोल टोकाच्या कटरने शेवटचा हात फिरवताना दोन ओळींमधले अंतर ०.३ मिमी ठेवले, तर सुमारे ६६७ ओळी होतात आणि कटरला एकूण १३३ मीटर प्रवास करावा लागतो. मिनिटाला १,००० मिमी वेग टिकला तर हे काम सव्वादोन तासांचे आहे. वेग ४०० मिमीवर आला तर साडेपाच तासांचे. छोटे यंत्र हे काम करणारच नाही असे नाही, पण प्रत्येक नगामागे तीन तास जास्त लागणार असतील, आणि त्या पूर्ण वेळात माणसाने यंत्राजवळ बसायचे असेल, तर छंदाची गोडी किती दिवस टिकेल?

वेग कमी ठेवण्यात आणखी एक अडचण आहे, जी नवशिक्याला उलटी वाटते. लाकडात कटर हळू चालवणे सुरक्षित नसते. प्रत्येक धारेने एका फेऱ्यात किती लाकूड उचलले, याला महत्त्व आहे. दोन धारांचा कटर मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिमी उचलावे असे वाटत असेल, तर वेग मिनिटाला १,८०० मिमी हवा. त्याच फेऱ्यांवर यंत्र ५०० मिमीनेच सरकत असेल, तर धार जेमतेम ०.०१४ मिमी उचलते. म्हणजे ती कापण्याऐवजी घासते, तापते आणि लाकूड काळे पडते. यंत्राखाली कीस पडायला हवा. पीठ पडू लागले तर वेग वाढवावा किंवा फेरे कमी करावेत. काकांनी ही गोष्ट एका वाक्यात समजून घेतली, कारण बोथट रंध्याखाली काय पडते ते त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

त्यामुळे ६०० × ४०० मिमीचे, बॉल स्क्रूचे, बेड स्थिर आणि वरची कमान म्हणजे गँट्री सरकणारे यंत्र घ्यायचे ठरले. परडीची उंची त्यातही पूर्ण बसत नव्हती. एका वस्तूसाठी यंत्राची जात बदलायची नाही, असे काकांनी स्वतः ठरवले, आणि मला तो त्यांचा सर्वांत प्रगल्भ निर्णय वाटतो.

ठरवलेल्या रकमेपैकी साठ टक्क्यांहून अधिक रक्कम यंत्रावर घालायची नाही, ही माझी एकच अट होती. कटर, पकडी, व्हॅक्यूम, हवा भोवऱ्यासारखी फिरवून भुसा वेगळा करणारा डबा, कानांचे संरक्षण आणि वाया जाणारे लाकूड या सगळ्याला पैसा लागतो. हे लक्षात न घेता सगळी रक्कम यंत्रात घातलेली माणसे नंतर एकाच बोथट कटरने वर्षभर काम करताना मी पाहिली आहेत.

स्पिंडलच्या बाबतीत आम्ही बचत केली. पाण्याने थंड होणारे स्पिंडल आणि त्याचा व्हीएफडी (फेरे कमी-जास्त करणारा विद्युत नियंत्रक) घेण्याऐवजी ६५ मिमीच्या पकडीत बसणारा ट्रिम राउटर, म्हणजे हाताने लाकडाच्या कडा कोरण्याचे छोटे यंत्र, लावला. तो सहज मिळतो, जळला तर बदलता येतो, आणि शिकताना तेवढी शक्ती पुरते, असा विचार होता. हा आमचा चुकलेला पहिला निर्णय.

प्रत्यक्ष उभारणी

यंत्र सुट्या भागांत आले हे बरे झाले. खोलीचे दार ७५० मिमी रुंद होते आणि जोडलेले यंत्र ९०० मिमीच्या आसपास भरत होते. दाराचे माप आम्ही यंत्र मागवल्यानंतर घेतले, हे इथे नमूद केले पाहिजे.

यंत्राखालचे टेबल १८ मिमी प्लायवुडच्या पेटीसारखे, आत आडव्या-उभ्या पट्ट्या घालून बनवले. जोडणी झाल्यावर पहिले काम काटकोन तपासण्याचे. ३०० × ४०० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक भोके पाडली. दोन्ही कर्ण बरोबर ५०० मिमी यायला हवे होते. त्यांत १.२ मिमीचा फरक निघाला. गँट्रीचे एका बाजूचे बोल्ट सैल करून, ती हलकेच रेटून, पुन्हा आवळून, पुन्हा भोके पाडून हा फरक चौथ्या प्रयत्नात संपला.

त्यानंतर बेडवरचा एमडीएफचा फळा २५ मिमीच्या कटरने सपाट केला. डोळ्यांना तो आरशासारखा सपाट दिसत होता. काकांनी डोळे मिटून त्यावरून तर्जनी आडवी फिरवली आणि म्हणाले, “पायऱ्या आहेत.” खरोखरच होत्या. स्पिंडल ०.१ अंशाने जरी कललेले असले, तरी २५ मिमी रुंदीच्या कटरच्या दोन कडांत ०.०४ मिमीहून थोडा अधिक फरक पडतो, आणि लाकडावर वर्षानुवर्षे फिरलेले बोट तो ओळखते. पकडीखाली पातळ पत्र्याचा तुकडा घालून कल काढला.

अक्षरांच्या कामात एक अनपेक्षित अडथळा आला. कोरीवकामाचा मार्ग आखणाऱ्या ज्या प्रोग्राममध्ये आम्ही नाव टंकले, त्यात जोडाक्षरे तुटली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसली. उपाय सोपा निघाला: मजकूर इंकस्केप या चित्ररेखनाच्या प्रोग्राममध्ये टंकून, अक्षरांचे रूपांतर रेषांच्या आकृतीत करून, मग ती आकृती पुढच्या प्रोग्राममध्ये न्यायची. मराठीत पाट्या कोरणाऱ्याने प्रोग्राम विकत घेण्याआधी त्यात ‘श्री’, ‘र्‍हस्व’ आणि ‘निश्चिंत’ हे तीन शब्द टंकून पाहावेत.

टोकदार व्ही कटरची निवडही अक्षरांवरूनच झाली. व्ही कटर रेषेच्या रुंदीप्रमाणे खोल जातो. शिरोरेषा ८ मिमी जाड असेल, तर ९० अंशांचा कटर ४ मिमी खोल उतरतो आणि ६० अंशांचा जवळजवळ ७ मिमी. सावली ६० अंशांत अधिक सुंदर पडते, पण १२ मिमीच्या फळीत एवढी खोल शिरोरेषा फळीला कमजोर करते. काकांनी पातळ फळ्यांसाठी ९० आणि जाड पाट्यांसाठी ६० असे ठरवले.

घडलेला एक बिघाड

दुसऱ्या महिन्यात सागवानाच्या ट्रेचा तळ खोदताना एक विचित्र गोष्ट झाली. डावीकडे खोली ठरल्याप्रमाणे ६ मिमी होती आणि उजवीकडे ती साडेसात मिमीपर्यंत वाढत गेली होती. काकांना वाटले बेड कलला आहे. मला वाटले झेड अक्षाच्या मोटरने पावले चुकवली, कारण ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटरला आपण खरोखर कुठे आहोत हे कळण्याची सोय या यंत्रांत नसते. आदेश मिळाला म्हणजे हालचाल झाली असे ती धरून चालते. आम्ही दोन दिवस झेड अक्ष तपासला आणि काहीच सापडले नाही.

शेवटी काकांनी कटर काढून हातात घेतला आणि त्याच्या दांड्यावरची चकचकीत रेघ मला दाखवली. कटर कोलेटमधून खाली सरकत होता. कीस वर ओढणारा पिळाचा कटर स्वतःलाही लाकडात खाली ओढत असतो; पकड कच्ची असेल तर तो हळूहळू बाहेर येतो आणि काप खोल होत जातो. पकड कच्ची का होती? राउटरचा कोलेट पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमीचा होता आणि आम्ही घेतलेल्या संचातले कटर ६ मिमी दांड्याचे होते. नट पूर्ण आवळल्यावर कटर हाताला घट्ट लागत होता, म्हणून कोणीही माप घेतले नाही. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. काकांचा ट्रे गेला, पण वेगाने फिरणारा कटर कामाच्या मध्येच निसटला असता तर इजा झाली असती, याची मला आजही बोचणी आहे.

त्या दिवसापासून कटरच्या डब्यावर दांड्याचे माप रंगाने लिहिलेले असते आणि प्रत्येक वेळी कोलेट पुसून, आतला भुसा काढूनच कटर बसवला जातो.

निष्पत्ती

वर्षअखेर यादीतील वीसपैकी सोळा वस्तू पूर्ण झाल्या होत्या. उठावाच्या त्या नमुन्याला हिशेबात सव्वादोन तास होते. प्रत्यक्षात तीन तास चाळीस मिनिटे लागली. वळणदार पृष्ठभागावर कटर सतत वर-खाली होत असतो, त्यामुळे तो ठरवलेल्या पूर्ण वेगापर्यंत पोहोचतच नाही. ओळींमधले अंतर ०.३ वरून ०.४५ मिमी केल्यावर वेळ तिसऱ्या हिश्श्याने घटला. दोन ओळींमधला उंचवटा त्यामुळे ०.००८ वरून सुमारे ०.०१७ मिमी झाला, आणि तो हलक्या सँडपेपरने सहज जातो. काकांनी शेवटचा हात तरीही पटाशीनेच फिरवला. पाकळीच्या कडेखालची सावली यंत्राला काढता येत नाही, कारण उभा कटर कडेच्या खाली शिरू शकत नाही. मनगटाला तेवढे काम झेपते.

लांब पाट्या फळी सरकवून दोन टप्प्यांत झाल्या. पहिल्या पाटीत सांध्यावर अर्ध्या मिमीची पायरी राहिली. बेडच्या एका कडेला सरळ पट्टी बसवून आणि फळीत दोन खुंट्यांची भोके पाडून दुसरी पाटी निर्दोष झाली.

ट्रिम राउटरचा आवाज मात्र सगळ्यांना जाचक ठरला. राउटर हाताने पाच मिनिटे चालवला तर सहन होतो. तोच राउटर यंत्रावर साडेतीन तास चालतो, त्यात व्हॅक्यूमचा आवाज मिसळतो, आणि खोली घरातच असते. काकांच्या कानांवर संरक्षण होते, घरच्यांच्या नव्हते. आठव्या महिन्यात दुपारचे काम बंद झाले, दहाव्या महिन्यात राउटर काढून ८०० वॉटचे, पाण्याने थंड होणारे, ६५ मिमीचेच स्पिंडल बसवले. आता लाकूड कापल्याचाच आवाज येतो, फेरे इच्छेप्रमाणे कमी करता येतात, आणि ईआर-११ कोलेट वेगवेगळ्या मापांत मिळत असल्याने दांड्याचा प्रश्नही मिटला. पैसे मात्र दोनदा गेले.

भुशाच्या बाबतीत आम्ही सुरुवातीपासून सावध होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये मानवी कर्करोगाचे निश्चित कारण असलेल्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि या यंत्रातून निघणारी एमडीएफची धूळ फार बारीक असते. कटरभोवती ब्रशचे आवरण, व्हॅक्यूमला बारीक गाळणी आणि तोंडावर मास्क हे तिन्ही पहिल्या दिवसापासून वापरले. यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, हा नियमही पाळला. एका जागी अडकून घासत राहिलेला कटर ठिणगी पाडू शकतो आणि ती व्हॅक्यूमच्या पिंपातल्या भुशात जाऊन बसू शकते. लाल रंगाचे आपत्कालीन बटण खुर्चीवरून हाताला लागेल असे बसवलेले आहे. ते एकदाच दाबावे लागले, जेव्हा कटरचा मार्ग एका लोखंडी पकडीवरून आखला गेला होता. तेव्हापासून लहान कामांना पकड लावणेच बंद केले. फळ्यावर आणि लाकडाखाली मास्किंग टेप, आणि त्या दोन टेपांच्या मध्ये सुपरग्लू. काम झाल्यावर टेप सोलून निघते.

आज पुन्हा ठरवायचे झाले तर

यंत्राचा आकार आणि बांधणी यांची निवड मी बदलणार नाही. यादी लिहून घेण्याचा आठवडाही पुन्हा तसाच घालवीन. फक्त तिला सहावा रकाना जोडीन: ‘यंत्र किती तास चालेल’. तो रकाना असता तर आवाजाचा प्रश्न कागदावरच दिसला असता आणि स्पिंडल पहिल्या दिवशी घेतले गेले असते.

कटरचा तीस नगांचा संच, हा आमचा चुकलेला दुसरा निर्णय, पुन्हा घेणार नाही. वर्षभरात काकांनी त्यातले सहा वापरले: ६ मिमीचा सरळ, ३ मिमीचा सरळ, ३ मिमीचा गोल टोकाचा, दोन व्ही कटर आणि फळा सपाट करण्याचा रुंद कटर. हेच सहा, चांगल्या प्रतीचे आणि कोलेटच्या मापाचे, आधी घेतले असते तर ट्रे वाचला असता.

आधी छोटे यंत्र घ्यायला हवे होते का, या प्रश्नावर काकांचे आणि माझे मत अजून जुळलेले नाही. त्यांना वाटते की पहिले तीन महिने त्यांनी मोठ्या यंत्राला घाबरून काम केले आणि छोट्यावर हात लवकर मोकळा झाला असता. मला वाटते की सागवानात छोट्या यंत्राने त्यांना निराश केले असते. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट अशी की मित्राच्या यंत्रावर आवाज ऐकण्यापुरते न थांबता, तिथेच दोन रविवार आपले लाकूड आपण कोरून पाहायला हवे होते.

यादीतल्या चार वस्तू उरल्या आहेत. परडी त्यांपैकी एक. तिचा आतला खड्डा यंत्राने जमेल तेवढा खोदायचा आणि बाहेरची गोलाई हाताने उतरवायची, असे काकांनी ठरवले आहे. ठोकळा सध्या खोलीच्या कोपऱ्यात वाळत ठेवलेला आहे.